बोळातली मोटर

दारव्ह्याच्या वामनराव ढग्यांच्या मोटरीला इंजिन नव्हतं. तरी रोज सकाळी, ऊन भिंतीवरून खाली उतरायच्या आत, वामनराव तिला धूत आणि पुसत. दर पंधरवड्याला अख्खा दिवस मोडून ते तिला अशी घासत की तिच्या काळ्या दारात समोरच्या लिंबाचं पान न् पान दिसे. गल्लीतले लोक हसत. वामनरावांना त्याचं काही नव्हतं. गल्लीतल्या कोणाशी त्यांचं धड नव्हतंच.

वीस वर्षं ते यवतमाळला जिनिंगच्या एका साहेबाकडं ड्रायव्हर होते. छप्पन्न साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, यवतमाळचे कागद नागपूरऐवजी मुंबईला जाऊ लागले, त्याच हिवाळ्यात साहेबानं आपला कारभार आवरला. मोटर जुनी विलायती. तिचं इंजिन काढून आधीच कारखान्यातल्या पंपाला जोडलं होतं. उरलेला काळा सांगाडा साहेब जाताना वामनरावांना देऊन गेला. तांड्यावरच्या खेमसिंगनं बैलांच्या दोन जोड्या लावून ती दारव्ह्याला ओढत आणली. खेमसिंगच्या घरात आजा-पणजापासून बैलांवर माल वाहायचा धंदा. पण मोटर ओढायची पाळी त्याच्यावरही पहिल्यांदाच आली होती. दोन दिवस लागले. गावात शिरताना वामनराव साहेबाकडची टोपी घालून स्टेअरिंगवर बसले होते, आणि बैल चुकले तर खेमसिंगवर खेकसत होते.

मोटर ठेवली बोळात. वामनराव आणि त्यांचे धाकटे भाऊ रामराव यांची घरं समोरासमोर, आणि मधून मागच्या गोठ्याकडं जाणारा बोळ. रामराव शेती करत. त्यांची बैलगाडी रोज त्याच बोळातून आत-बाहेर करायची. मोटर आली आणि गाडीची वाट बंद झाली. रामरावांना बैल सोडून कासऱ्याला धरून न्यावे लागत, गाडी रस्त्यावर उघडी पडे, आणि कापूस, कडबा, शेणखत, जे असेल ते डोक्यावर वाहावं लागे. त्यांनी दोनदा नीट सांगून पाहिलं. वामनराव म्हणाले, बोळ बापाचा होता, अर्धा माझा आहे, माझ्या अर्ध्यात मी काहीही ठेवीन. मोटर अर्ध्याहून जास्त जागा खात होती हे दोघांनाही दिसत होतं. त्या दिवसापासून भावाभावांत बोलणं तुटत आलं.

वामनरावांचा हात मात्र खरोखर वाकबगार होता. विहिरीचं पाणी जड, सुकलं की पांढरे ठिपके ठेवतं, म्हणून ते पाणी आदल्या दिवशी भरून निवळू देत आणि वरचं तेवढं घेत. धुतल्यावर जुन्या धोतराचं, शंभर वेळा पाण्यातून निघालेलं कापड. मेणाची विलायती डबी संपली तेव्हा त्यांनी स्वतःचं मलम केलं. मधाच्या पोळ्याचं मेण मंद विस्तवावर पातळ करायचं, त्यात जवसाचं तेल, आणि विस्तवापासून दूर नेऊन टर्पेंटाईन. ते बोटभर घेऊन गोल गोल फिरवायचं, सुकू द्यायचं आणि मग कोरड्या कापडानं असं ओढायचं की कापड निसटलं पाहिजे. मैनाबाईंच्या लग्नातल्या एका लुगड्याचा पदर सर्वांत मऊ निघाला. तो त्यांनी न विचारता फाडून घेतला होता.

मैनाबाई म्हणजे त्यांची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. एक लेक झाली होती, वच्छी. ती चार वर्षांची होऊन गेली. वामनराव तिचं नाव कधी काढत नसत.

अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यात मोटरीच्या मागच्या दारावर पहिला डाग दिसला. तळहाताएवढा, करडा. ओरखडा असता तर चाक लागलं, शिंग लागलं म्हणता आलं असतं. हा डाग घासून केलेला होता. वामनरावांनी बोटानं चाचपलं. रंगाचं वरचं पोत गेलं होतं, आणि कडेला राखेची कणी चिकटली होती. त्यांनी दोन दिवस खपून तो काढला. आठवड्याभरात दुसरा पडला, भिंतीच्या बाजूला, खाली वाकल्याशिवाय दिसणार नाही असा.

राख म्हणजे चूल, चूल म्हणजे बाई. वामनरावांनी मनात ठरवून टाकलं की हे रामाच्या बायकोचं, भागीरथाचं काम, आणि सांगणारा रामा. त्यांच्या स्वतःच्या घरातही चूल होती हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांनी बोळाच्या तोंडाला बाभळीच्या काट्या लावल्या. रामरावांच्या स्वयंपाकघराची बोळात उघडणारी खिडकी बाहेरून फळी ठोकून बंद केली. भागीरथा भासऱ्यासमोर, म्हणजे या थोरल्या दिरासमोर, कधी तोंड उघडत नव्हती. डोक्यावरचा पदर ओढून ती आत गेली आणि दिवसभर अंधाऱ्या खोलीत तिनं स्वयंपाक केला. डाग पडतच राहिले.

त्या वर्षी पोळ्याला बैल तोरणाखाली उभे होते. सारं गाव जमलेलं. रामरावांनी आपली जोडी रंगवून, झुली घालून आणली होती. वामनराव गर्दीतून पुढं आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"ज्याले भावाच्या दाराशी चोरावानी यायची लाज नाही, थो बैल घेऊन तोरणाखाली काहून उभा हाय?"

रामरावांनी बैलाची वेसण हातात तशीच धरून ठेवली. त्यांचा चेहरा काळवंडला, पण ते काही बोलले नाहीत. बाजूच्या दोघांनी वामनरावांना मागं ओढलं. त्या संध्याकाळी बैल घरोघर फिरले. रामरावांचे बैल मोठ्या भावाच्या दारी आले नाहीत. मैनाबाई आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. ताटातला दिवा विझेपर्यंत त्या तिथंच होत्या, आणि मग त्यांनी बैलांसाठी केलेली पुरणपोळी मोडून कावळ्यांना टाकली.

वामनरावांना वाटलं, भाऊ गप्प बसला म्हणजे चोरी कबूल झाली. तेवढंच त्यांना पाहिजे होतं.

पुढची दीड वर्षं अशीच गेली. डाग पडे, हे काढत. काढताना एक गोष्ट वामनरावांना कळत होती आणि ती ते स्वतःशीसुद्धा बोलत नव्हते. घासलं की कापडावर काळं उतरत होतं. डाग काढायचा म्हणजे आजूबाजूचा रंग त्याच्या पातळीला आणायचा. दरवेळी रंग थोडा झिजे. दाराच्या कडांना आता काळ्याखालचा तांबड्या अस्तराचा थर दिसू लागला होता. ते तिथं हात हलका ठेवत, मेण जास्त लावत, आणि भावाला जास्त शिव्या देत.

साठ सालच्या चैत्रात टर्पेंटाईन संपलं. ते यवतमाळलाच मिळे. वामनराव सकाळी एस.टी. स्टँडवर गेले, पण बस बिघडली म्हणून आलीच नाही. दोन-अडीच तास वाट पाहून, तिकिटाच्या रिकाम्या खिडकीशी भांडून, ते पायीच घरी परतले. ऊन डोक्यावर आलं होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

बोळाच्या काट्या बाजूला सारलेल्या होत्या. मागच्या दारापाशी मैनाबाई उकिडव्या बसल्या होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एका हातात काथ्याची घासणी, बाजूला वाटीत भिजवलेली राख आणि बारीक रेती. त्या मोटरीचं दार घासत होत्या. रागानं नाही, घाईनं नाही. करपलेल्या पातेल्याचं बूड घासावं तशा, एका लयीत.

वामनरावांच्या पायातला जोडा वाजला. मैनाबाईंनी वळून पाहिलं. हात थांबला नाही. हाती घेतलेला घेर त्यांनी पुरा केला, घासणी वाटीत टाकली आणि मग उठल्या.

"काहून?" वामनराव म्हणाले.

मैनाबाई त्यांच्याकडं न बघता दाराकडं बघत बोलल्या.

"वच्छी तापानं फणफणली होती तवा हे मोटर इथंच उभी होती. दारासमोर. तुमी साहेबाचं सामान घेऊन आलते. मी पोरीले उचलून आणलं, म्हटलं दवाखान्यात न्या. तुमी म्हणाले, पोरगी ओकून राह्यली, सीट खराब होईन."

"साहेबाची गाडी होती थे. माही नव्हती."

"आता तर तुमची हाय ना."

त्या वाटी उचलून आत गेल्या. वामनराव उन्हात उभे राहिले. त्या दिवशी लेकीला रामरावांच्या बैलगाडीतून यवतमाळला नेलं होतं, ते त्यांना आठवलं. त्यांना ते कधी विसरता आलं नव्हतं. गाडी लाडखेडच्या पुढं जेमतेम पोचली होती. बैल रामरावांनी हाकले होते, पोरगी मैनाबाईंच्या मांडीवर होती, आणि वामनराव दारातून मोटर घेऊन गेले ते साहेबाला घेऊन झरीच्या जंगलात शिकारीला. निरोप त्यांना तिसऱ्या दिवशी मिळाला.

दुपार कलल्यावर ते समोरच्या घरी गेले. तीन वर्षांत त्या उंबऱ्याला त्यांचा पाय लागला नव्हता. रामराव ओसरीवर दोर वळत बसले होते. वामनरावांनी उभ्याउभ्याच सांगितलं की मोटर कोण घासतं ते आज कळलं.

रामरावांनी दोर खाली ठेवला नाही. "मले पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय," ते म्हणाले. "खिडकीतून दिसत होतं. थे खिडकी तुमीच मंग बंद केली."

"तुले ठाऊक होतं तर पोळ्याच्या दिवशी बोलला काहून नाही?"

"कोणाचं नाव घेऊ? वहिनीचं? गावासमोर?" रामरावांनी दोराला पीळ दिला. "त्या गाडीत पोरगी माह्या पाठीमागं गेली, भाऊ. मी तोंड वळवून पाह्यलं नाही, बैल थांबतील म्हणून. वहिनीनं तुमच्या मोटरीचं काहीबी केलं असतं तरी मी बोललो नसतो."

वामनराव म्हणाले, झालं गेलं, मी चुकलो म्हणतो. ते त्यांनी असं म्हटलं की जणू समोरच्यावर उपकार होत होते. दारातून भागीरथा पुढं आली. लग्न होऊन आल्यापासून ती भासऱ्याशी पहिल्यांदा बोलली, तेही पदराआडून.

"आमच्या खिडकीची फळी काढा अन् जा," ती म्हणाली.

त्यांनी फळी काढली. मोटर काढली नाही.

त्या वर्षीचा उरलेला उन्हाळा त्या घरात फार वाईट गेला. वामनराव सकाळी मोटर घासत, मैनाबाई दुपारी घासत. आता कोणी कोणापासून लपवत नव्हतं. एक मेण लावी, एक राख. वामनरावांनी एकदा हात धरला, तर मैनाबाईंनी त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी तो सोडला. त्या स्वयंपाक करत, ताट वाढत आणि आत जाऊन बसत. ज्येष्ठ सरता सरता मागच्या दाराचा काळा रंग संपला, मग तांबडा संपला आणि पत्रा उघडा पडला. पावसात त्याच्यावर गंज चढला. वामनराव त्या गंजावरही आठ दिवस मेण चोळत राहिले. एका सकाळी त्यांनी कापड काढलं नाही. दुसऱ्या सकाळीही नाही.

एकसष्ट सालच्या संक्रांतीनंतर त्यांनी तांड्यावर निरोप धाडला. खेमसिंग बैल घेऊन आला. मोटरीची चाकं मातीत रुतली होती, दोघांच्यानं हलेना. वामनराव कोणाला हाक मारणार? रामराव आपल्या घरातून बाहेर आले, धोतर खोचलं, मागून खांदा लावला. मोटर हलली, बोळाबाहेर गेली, आणि रामराव हात झटकून परत घरात शिरले. मोठ्या भावाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्याच संध्याकाळी त्यांची बैलगाडी चार वर्षांनी बोळातून गोठ्याकडं गेली.

मोटर वामनरावांच्या वाट्याच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाला लागून, उभी राहिली. आतल्या गाद्या उंदरांनी नेल्या. दोन वर्षांनी खेमसिंग म्हणाला, मालक, मोटरीचा आस अन् चाकं मले द्या, माह्या बैलगाडीले रबरी चाकं लावतो. आजकाल तशी गाडी बैलाले हलकी जाते. वामनराव म्हणाले, घेऊन जा. त्याच्या बदल्यात त्यांनी काही मागितलं नाही.

त्रेसष्टच्या दिवाळीनंतर कापसाची वेचणी होती. मैनाबाई सबंध दिवस वेचून थकल्या होत्या. वय झालं होतं. खेमसिंगची नवी गाडी कापूस घेऊन गावाकडं निघाली, तेव्हा त्यानंच आग्रहानं त्यांना गाठोड्यांवर बसवलं. वामनराव मागच्या बाजूला पाय सोडून बसले. गाडी रस्त्याला लागली. खडखड नाही, हिसका नाही. मैनाबाई म्हणाल्या, खेमसिंग, गाडी लई मऊ चालते रे. खेमसिंगनं खूश होऊन सांगून टाकलं, चाकं तुमच्याच मोटरीची हायेत, बाई.

मैनाबाईंनी गाडी थांबवायला सांगितली. त्या कापसाच्या गाठोड्यांना धरून खाली उतरल्या, पदर नीट केला आणि चालू लागल्या. गाव अजून दीड मैल होतं. खेमसिंगनं वामनरावांकडं पाहिलं. वामनराव थोडा वेळ बसून राहिले. मग तेही उतरले. गाडी पुढं निघून गेली. मैनाबाई पुढं आणि वामनराव वीस पावलं मागं, अशी ती दोघं घरी आली. त्यांनी हाक मारली नाही, आणि मैनाबाईंनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.