जिन्याखालचे शब्बीरभाऊ

शब्बीरभाऊ माणसाचं तोंड नंतर पाहत, आधी त्याच्या पँटची मोहरी पाहत. टाचेखाली आलेली, मागून घासलेली मोहरी दिसली की त्यांना चैन पडत नसे. समोरचा कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एकदा मॉलची पाहणी करायला आलेल्या एका मोठ्या साहेबांना त्यांनी सगळ्यांसमोर अडवलं. "साहेब, तुमची पँट जमीन झाडून राह्यली. काढून देता का? आत्ता करून देतो." साहेब काढणार कुठे? ते तोंड पाडून निघून गेले आणि गाळेधारकांच्या समितीची सचिव म्हणून त्यांची बोलणी मी खाल्ली.

सचिव मी काही हौसेनं झाले नव्हते. मॉल चालेनासा झाल्यावर ज्याला त्याला अंग काढून घ्यायचं होतं, आणि बैठकीला शेवटपर्यंत बसून राहणारी मीच होते. चंद्रपुरात नागपूर रोडला हा मॉल उभा राहिला तेव्हा मोठ्या उमेदीनं मी वरच्या मजल्यावर भेटवस्तूंचं दुकान काढलं होतं. शब्बीरभाऊंचा गाळा तळमजल्यावर, मधल्या जिन्याखाली. गाळा कसला, उभं राहिलं तर डोकं आपटेल अशी तिरपी जागा. त्यात एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि भिंतभर कपडे टांगलेली तार. त्यांचे वडील परकोटाच्या आत, जुन्या गावात, सूट शिवणारे नावाजलेले मास्टर होते. रेडिमेड आलं आणि ते दुकान बसलं. मुलानं मात्र रेडिमेडशी भांडण केलं नाही, त्याच्याच दारात मशीन मांडली. "जिथी रेडिमेड विकते तिथीच अल्टर लागते, बाई," ते मला सांगत. "कंपनी समजते सगळे माणसं एकाच मापाचे. अल्लानं तसं केलं नाई ना."

कारागीर चांगले, पण वायद्याचे कच्चे. कोणतंही काम दिलं की "परवा या." परवा गेलं की चहा मागवत, क्रिकेट काढत, मुलीच्या सासरची हकीकत सांगत आणि मग पुन्हा "परवा या." त्यांची दाढी मेंदीनं लाल, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. दुसऱ्याची शिवण उसवली की तासात लावून देणाऱ्या या माणसानं स्वतःच्या चष्म्याला कधी हात लावला नाही. माझ्या एका परकराला त्यांनी अख्खा उन्हाळा लावला होता. मी चिडले की हसत म्हणायचे, "राग करू नका, बाई. रागानं माप चुकते."

मॉल एका दिवसात बंद पडत नाही. तो मेणबत्तीसारखा खाली खाली येतो. आधी सिनेमा बंद झाला, मग कपड्यांची मोठी दुकानं गेली. सरकता जिना थांबला आणि पोरं त्याच्यावरून धावत चढू लागली. मे महिन्यात गावाची भट्टी होते, तेव्हा लोक गार हवा खायला का होईना येत; एसी बंद झाल्यावर तेही येईनासे झाले. बंद शटरांवर कोळशाची काळी धूळ बसली. मी सकाळी दुकान उघडून काचेच्या बाहुल्या पुसायची, संध्याकाळी बंद करताना त्याच बाहुल्या पुन्हा पुसायची. खरं सांगायचं तर मला तेव्हा कशातच राम वाटत नव्हता.

अशात एका बिल्डरनं सगळी इमारत पाडून फ्लॅट बांधायचा प्रस्ताव आणला. पाठोपाठ गावातल्या एका संस्थेनं दुसरा मांडला. इमारत तशीच ठेवायची. तळमजल्यावर मासळीवाल्या बायांची आणि बचत गटांची गुजरी, म्हणजे रोजचा बाजार, मधल्या मजल्यावर भरतीच्या परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका, सर्वांत वर डायलिसिस केंद्र. अट एकच, सगळ्या गाळेमालकांची संमती हवी. एकानं जरी नाही म्हटलं, तर संस्था माघार घेणार आणि बिल्डर मोकळा. मी हात टेकले होते. म्हटलं, पाडू दे एकदाचं, सुटू या. शब्बीरभाऊ बैठकीत सहसा बोलत नसत, त्या दिवशी बोलले. "पाडता कायले? कापड मजबूत हाये. मापात नाई बसून राह्यलं, तं अल्टर करा." आणि बैठक संपल्यावर मला म्हणाले, "चला, बाई. सह्या घ्याले मी येतो तुमच्यासंगं."

ते सोबत आले म्हणून सह्या झाल्या, हे मला कबूल केलंच पाहिजे. वरोऱ्याला एक कापसाचे व्यापारी होते. गाळा घेऊन ठेवलेला, त्याचं शटर त्यांनी जन्मात उघडलं नव्हतं, पण सही म्हटली की "विचार करून सांगतो." दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेला शेठ ओसरीत बसले होते, पोटाला पँट मावत नव्हती म्हणून बटण उघडं टाकून. शब्बीरभाऊ माझ्याआधी बोलले. "शेठ, लुंगी घाला अन् पँट इकडे द्या." पिशवीतून सुई-दोरा काढून ते तिथेच मांडी घालून बसले. शेठ लुंगीत समोर. उठून जायची सोय नाही. हळूहळू शिवण उसवत शब्बीरभाऊंनी त्यांना अभ्यासिका, गुजरी, डायलिसिस सगळं समजावलं. पँट तयार व्हायच्या आधी कागदावर सही झाली होती. परतीच्या बसमध्ये म्हणाले, "लुंगीतला माणूस नाई म्हणत नाई, बाई." फार दिवसांनी मी मोठ्यानं हसले.

सगळ्यांच्या सह्या आल्या. राहिली एकच, शब्बीरभाऊंची.

नकाशात रुग्णांसाठी मोठी लिफ्ट दाखवली होती. स्ट्रेचर मावेल अशी. ती बसायला मधला जिना काढावा लागणार होता आणि त्याबरोबर जिन्याखालचा गाळा. इतर दुकानदारांपैकी कुणाचाच धंदा आता तिथे चालत नव्हता, गाळ्यावर पोट तेवढं शब्बीरभाऊंचं होतं. मला वाटलं, म्हणून अडले असतील. मी शब्दांची जुळवाजुळव करत गेले, तर ते तारेकडे बोट दाखवत म्हणाले, "जागा देतो ना. माझी ना नाई. पण आधी हे पोचलं पायजे." तारेवर, मशीनमागे, बोचक्यात लोकांनी टाकलेले आणि परत न नेलेले कपडे होते. "ही अमानत हाये. आमच्या अब्बांचं म्हणणं होतं, दुकान उठवाचं तं आधी गिऱ्हाइकाचा कपडा घरी नेऊन द्याचा. गिऱ्हाईक नसंल तं घरच्याईले द्याचा. मंगच कुलूप."

संस्थेचे लोक रोज फोन करत होते, बिल्डरचा माणूस चकरा मारत होता आणि हा गृहस्थ जुन्या पँटी घेऊन बसला होता. माझा तोल गेला. "बोहारणीला देऊन टाका! चार भांडी तरी येतील. आणि लोक नेत नाहीत ते तुमच्या 'परवा या'नं कंटाळून!" त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि तारेवरचा एकेक कपडा काढून घडी घालायला घेतला. दुसऱ्या दिवशी मीच स्कूटी घेऊन जिन्यापाशी गेले. म्हटलं, "बसा मागे. कुठून सुरुवात करायची?"

नावं त्यांना आठवत नसत, माणसं आठवत. "राजुऱ्याचा, खाणीतला, डावा खांदा पडलेला." तेवढ्यावरून आम्ही घर शोधायचं. घर सापडलं की खरा ताप सुरू व्हायचा. खाणीतल्या त्या माणसानं शर्ट घातला, त्याला मनापासून आनंद झाला, आणि शब्बीरभाऊ लांबून पाहत म्हणाले, "नाई नाई. तुमी वाळले, भाऊ. बगलेत ढिला होऊन राह्यला. काढा, परवा आणून देतो." मी कपाळावर हात मारला. पोचवायला नेलेलं बोचकं आम्ही बरेचदा तसंच परत आणत होतो. उन्हात माझी पाठ मोडायची, पेट्रोल जळायचं, आणि मागच्या सीटवरून आवाज यायचा, "मापाचा नसला तं पोचला कसा म्हणाचा, बाई?"

असं करत शेवटी एकच पँट उरली. काळी, चांगल्या कापडाची, मूलकडच्या एका तलावाकाठच्या गावातली. तिथे आम्ही एसटीनं गेलो. वाटभर जंगल, आणि शब्बीरभाऊ गप्प. ते गप्प आहेत याचंच मला भय वाटत होतं. घर ढिवराचं, अंगणात जाळं वाळत घातलेलं, कोपऱ्यात झिंगे सुकत होते. त्या घरच्या पार्बताबाई बाहेर आल्या आणि शब्बीरभाऊंना पाहून थबकल्या.

"मास्टरभाऊ? एका पँटसाठी इतके दूर आले जी?"

"तुमी आल्या नाई. मंग मी आलो."

"ते गेले ना जी," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आदीच."

हळूहळू मला कळलं. मुलीच्या लग्नात घालायला आपल्या नवऱ्यासाठी ही पँट त्यांनी आमच्याच मॉलमधून घेतली होती. मग त्याला किडनीचा आजार निघाला. जवळपास कुठे नंबर लागेना, म्हणून नागपूरला डायलिसिस. जाता-येता चंद्रपूरला उतरून त्या ही पँट शब्बीरभाऊंकडे देत. कंबर सैल झाली, थोडी कमी करा. पुढच्या खेपेला अजून थोडी.

पार्बताबाईंनी पँट हातात घेतली. "आता कोणाले व्हते हे? पोराच्या कमरेचं होऊन गेलं." मग कापडावरून हात फिरवत म्हणाल्या, "दीर हाये माझा. त्याले नाई का होनार?"

शब्बीरभाऊंनी खिशातून पातं काढलं आणि ओट्यावर बसून शिवण उसवायला घेतली. तेव्हा मी पाहिलं की त्यांनी कापड कधी कापलंच नव्हतं. दर वेळी आत दाबून वरून टीप मारली होती. एक टीप उसवली, पँट थोडी रुंद झाली. दुसरी उसवली. आतलं कापड उजेड न लागलेलं, नव्यासारखं काळं निघत होतं. शेवटची टीप निघाली तेव्हा त्यांनी पँट कमरेपाशी दोन्ही हातांत ताणून धरली. पार्बताबाई तिच्याकडे पाहत राहिल्या.

"एवढे व्हते ना जी ते," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून मटकन खाली बसल्या.

त्यांनी आम्हाला बळेबळे सुके झिंगे बांधून दिले. शिंप्याचं काम फुकट घ्यायचं नसतं म्हणाल्या. बसमध्ये पुडकं मांडीवर ठेवून शब्बीरभाऊ खिडकीबाहेर पाहत होते. "मले ठाऊक होतं, बाई," ते म्हणाले. "दर खेपेले कमर उतरे. आजारानं उतरे तेवढीच नागपूरच्या फेऱ्याईनं उतरे. मी बोललो नाई कधी. शिंप्यानं काय बोलाचं?" मग लगेच म्हणाले, "कागद उद्या आना. सही करतो." मला रडू आवरेना. माझ्याकडे न पाहता त्यांनी रुमाल पुढे केला.

त्यांनी सही केली, जिना पाडला गेला, आणि मग सरकारी कामाला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. आज ही मंजुरी नाही, उद्या ठेकेदार पळाला. गुजरी सुरू झाली, अभ्यासिका भरली, वरचा मजला मात्र रिकामाच. संस्थेनं शब्बीरभाऊंना गुजरीच्या कडेला एक टेबल दिलं. तिथे मासळीच्या वासात लग्नाचे कपडे कोण देणार? काम निम्म्यावर आलं. त्यांनी कधी कुरकुर केली नाही; पण ते थकले होते, हे मला दिसत होतं. मीही थकले होते. आम्ही दोघं नुसता चहा घेत बसायचो. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ते घरीच छातीत दुखून गेले. जुन्या गावातल्या त्या बोळात माणसं मावत नव्हती.

पण त्याआधी लिफ्ट सुरू झाली होती आणि वरचं केंद्रही. सुरू झाल्याच्या आठवड्यातच मी त्यांच्याबरोबर केंद्र पाहायला वर जात होते. आमच्यासोबत लिफ्टमध्ये एक माणूस होता, पन्नाशीचा, चेहरा पिवळा पडलेला. एका हातानं त्यानं बायकोचा खांदा धरला होता, दुसऱ्या हातानं घसरणारी पँट. शब्बीरभाऊंनी अर्थातच ती पाहिली.

"भाऊ, पँट मले द्या. खालीच बसतो मी. कमी करून देतो."

"कापूनच टाका," तो माणूस डोळे मिटून म्हणाला. "आता कायले लागते मोठी?"

"कापत नाई मी. आत ठेवतो. अंग भरलं का या, सोडून देतो."

त्या माणसानं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. लिफ्ट थांबली, दार उघडलं. बाहेर पडताना तो म्हणाला, "पुढच्या खेपेले आनतो."

त्याची बायको चालता चालता थांबली. पुढच्या खेपेचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, असं तिनं मला नंतर सांगितलं.