कावळ्याचं पान आणि रानहंस

बोलण्याआधी काका डोक्यावरची हिरवी शिकारी टोपी सरळ करायचे. मग बोट वर. "आल्झो, फोरश्रिफ्ट म्हणजे फोरश्रिफ्ट!" नियम म्हणजे नियम, एवढंच ते; पण जर्मनमध्ये म्हटलं की त्यांना जोर यायचा. असा एखादा नियमांचा पुतळा तुमच्याही ओळखीत असेल. नसेल तर सुखी आहात.

काका जर्मनीत स्थायिक झालेले; काकू तिथल्याच, हॅम्बर्गजवळच्या, जर्मन. त्यांच्या भावाच्या शेतात दरवर्षी रानहंस उतरायचे आणि राप्सचे, म्हणजे तिथल्या मोहरीसारख्या तेलबियांचे, कोवळे कोंब फस्त करायचे. मेव्हण्याच्या मदतीला म्हणून काकांनी परीक्षा देऊन शिकारीचा परवाना काढला. स्वतः शाकाहारी! पक्षी एकही मारला नाही, दुसऱ्यांच्या शिकारी मात्र बंद पाडल्या. एकदा एका म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या पिशवीतून मका सांडला. "दाणे पडले तिथे गोळी नाही. आमिष ठरतं ते!" म्हातारा बिचारा हात हलवत घरी गेला.

शेवटी एका सप्टेंबरात शिकारीचं पुढारपण काकांकडे आलं. आयुष्यभराची हौस ती. आठवडाभर ते टोपी घालूनच दूध आणायला जात होते. आम्हालाही बघायला बोलावलं.

सकाळी शेत हंसांनी भरलेलं, बंदुका तयार. काकांनी दुर्बीण लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. हंसांच्या मधोमध कागदी पत्रावळ होती. आदल्या दिवशी त्यांच्या वडिलांचं श्राद्ध झालं होतं. इमारतीच्या हाउसओर्डनुंगमध्ये, म्हणजे नियमावलीत, बाल्कनीत पक्ष्यांना खाऊ घालायला बंदी, म्हणून कावळ्याचं पान त्यांनी शेतात ठेवलं होतं. कावळा फिरकलाच नव्हता.

"गप्प बसा हो काका," मी कुजबुजलो. "मूठभर भात. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना!" त्यांनी टोपी काढली. मेव्हण्याला जर्मनमध्ये म्हणाले, "भात मी ठेवलाय. शिकार बंद."

मक्याचा म्हातारा पोट धरून हसला. हंसांनी भात खाल्ला, वर राप्सही. मेव्हण्याने कितीतरी दिवस अबोला धरला आणि पुढारपण काकांना पुन्हा मिळालं नाही. मला मात्र त्या दिवशी हा त्रासदायक माणूस फार आवडला.

आता काका नाहीत. या पितृपक्षात काकूंनी त्यांच्यासाठी भात केला.

"बाल्कनीत ठेवू का?" मी विचारलं.

"नाइन! फोरश्रिफ्ट," काकू म्हणाल्या.

आम्ही शेतात गेलो, तर मेव्हणा शिकाऱ्यांना घेऊन उभा. लांबून हंसांचा आवाज येत होता. काकूंनी पत्रावळ राप्समध्ये ठेवली. मेव्हण्याने आधी पत्रावळीकडे पाहिलं, मग आपल्या पिकाकडे. काकांना एक सणसणीत जर्मन शिवी हासडली, डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांना घरी पाठवलं.