बाजूची चटई

दुसरी रेघ सुनेने आधी पाहिली, आणि पहिलं काम केलं ते माझ्या हातातलं लाटणं काढून घेण्याचं.

"आई, तुम्ही उठा. पोळ्या मी बघते."

लग्न होऊन आल्यापासून तिने कधी पोळ्या बघितल्या नव्हत्या. प्रकरण गंभीर आहे, हे मला तेव्हाच कळलं.

रेघ होती एका प्लॅस्टिकच्या पट्टीवर. पट्टी माझ्या नातीने परदेशातून आणलेली. एचआयव्ही कसा टाळायचा आणि लोकांशी त्याबद्दल कसं बोलायचं, याचं पदवीनंतरचं शिक्षण ती तिकडे घेते. इकडे कानडी मुलुखात, आमच्या जयलक्ष्मीपुरममध्ये मात्र ती आहारशास्त्र शिकते. सुनेने तसं सगळीकडे सांगून ठेवलं आहे. मुलीचं लग्न व्हायचंय. भाजीपाला शिकलेली मुलगी खपते, हे असलं शिकलेली खपत नाही.

सुट्टीत घरी आली ती सरावाला माणूस शोधत. आधी बोलायचं, मग तपासणी करायची, मग पुन्हा बोलायचं, असा तिचा अभ्यास. बापाने ऑफिसचा फोन काढला, आई देवघरात शिरली. उरले मी, चौथी शिकलेली.

ती खुर्ची ओढून समोर बसली, पुढे झुकली आणि मान डोलवायला लागली. तिकडे झुकायलाही शिकवतात म्हणे.

"अज्जी, तुला आत्ता काय वाटतंय?"

"भूक लागलीय."

"तसं नाही. मनात काय वाटतंय?"

"मनातही तेच."

मग तिने विचारलं, आयुष्यात किती पुरुषांशी संबंध आला. विचारताना तिचेच कान लाल झाले.

"एकाशी. तोही अर्धा महिना रेशमी साड्या विकायला फिरतीवर. पुढचं विचार."

पुढचं तिने विचारलं नाही. मला कवळी काढायला लावली, हिरड्यांवरून पट्टी फिरवली आणि नळीतल्या औषधात उभी केली. एक रेघ आली तर काही नाही. दोन आल्या तर दवाखान्यात जाऊन रक्त तपासायचं. थोडा वेळ थांबून बघायचं. फार उशीर झाला तर बघायचंच नाही, मग ती पट्टी काहीही दाखवते.

तेवढ्यात शेजारीण आली. सुनेने पट्टी नळीसकट उचलली आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे लपवली. शेजारणीने कॉफी घेतली, वजन उतरवायला काय खाऊ असं नातीला विचारलं आणि बसूनच राहिली. नातीने काकडी सांगितली. अखेर शेजारीण गेली, मी कणिक मळून पोळ्यांना बसले, सुनेने डबा सरकवला, आणि मागे दोन रेघा.

"हे धरायचं नाही," नात म्हणाली. "वेळ टळून गेलीय."

"वेळ टळायला ती काय बस आहे?" माझा मुलगा म्हणाला.

मुलीला शिकायला समुद्रापार पाठवलं, आणि त्या शिक्षणातलं पहिलं वाक्य घरात कुणी ऐकलं नाही. पट्टीवर मात्र सगळ्यांचा विश्वास.

मुलगा बराच वेळ भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघत राहिला. फिरतीची नोकरी, त्याच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत होतं. नात म्हणाली, अज्जीच्या खुब्याच्या ऑपरेशनला रक्त चढवलं होतं, खरंच काही असलं तर तेही कारण असू शकतं. मुलाचा चेहरा उजळला. बापाची अब्रू वाचली. आईचं काय ते सोमवारी. दवाखान्यातली रक्त तपासायची खोली तेव्हाच उघडणार होती.

सोमवारपर्यंत मला बाजूला बसवलं. आमच्या घरात पूर्वी महिन्याचे चार दिवस बायका बाजूला बसत. वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. माझं ते सुटलं तेव्हा मी साखर वाटणार होते, सासू जिवंत होती म्हणून राहिलं. सुनेने घरात आल्या आल्या ही पद्धत मोडली, मागासलेली म्हणून. आता माळ्यावरून चटई तिनेच काढली. बी.एस्सी. आहे ती.

"तुमच्याच काळजीपोटी, आई," असं म्हणून तिने ताट पायाने सरकवल्यासारखं हाताने सरकवलं.

मला रोगाची भीती नव्हती असं नाही. पण या वयात मरणाला फक्त नवं नाव मिळतं. भीती होती ती चटईची. रोज गोळ्या घेतल्या तर या आजारात माणूस वर्षानुवर्षं जगतो, असं नात सांगत होती. वर्षानुवर्षं, त्या चटईवर?

नात माझ्या शेजारी येऊन बसली आणि परत झुकली. "अज्जी, एका ताटात जेवल्याने हे होत नाही. हात लावल्याने होत नाही..."

"मला कशाला सांगतेस? त्यांना सांग."

ती स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने सांगायला लागली. आत मिक्सर सुरू झाला.

मग तिने माझ्या ताटातला पापड उचलून खाल्ला. मागून भातही. तिची आई दारात येऊन उभी राहिली. तिकडच्या शिक्षणातलं एवढंच मला पटलं. पापड एकच होता, हे मात्र तिने बघायला हवं होतं.

सोमवारी मी आणि नात रिक्षाने सरकारी दवाखान्यात गेलो. मुलाला मीटिंग होती. रक्त देऊन बाकावर बसलो. नात नखं खात होती.

"अज्जी, काय वाटतंय?" या वेळी ती झुकली नव्हती.

"चटई जाळावीशी वाटतेय."

रक्तात काही निघालं नाही.

"मला खात्रीच होती," मुलगा म्हणाला. सुनेने माझं ताट टेबलावर मांडलं, लाटणं पुढे केलं आणि कुणाला बोलू नका म्हणून सांगितलं. मी लाटणं घेतलं नाही. चटई घेतली आणि मागे नारळाच्या झावळ्या जाळतो तिथे पेटवली. धूर फार झाला. शेजारीण कुंपणावरून विचारायला लागली, काय जळतंय. सुनेने तिला कानडीत सांगितलं, काही नाही, जुना कचरा.

नात परत गेली. तिकडे वर्गात तिने हे सगळं सांगितलं, नाव न घेता. तसा त्यांचा नियम आहे. एक वृद्ध स्त्री, शिक्षण चौथी, एवढंच. कुणीतरी विचारलं म्हणे, ती आता कशी आहे. बरी आहे. पोळ्या हल्ली सून लाटते, जाड होतात.

ती वृद्ध स्त्री मी.