डावा हात

स्केचपेनचं टोपण काढलं की त्या वासाबरोबर मला बी.एड.चा शेवटचा पाठ आठवतो. क्रांती चौकाजवळच्या मुलींच्या एका शाळेत, आठवीच्या वर्गात, मी तक्ता टांगला होता. कॅन, मस्ट, शुड निळ्या रंगात आणि इझिलीसारखी क्रियाविशेषणं लाल रंगात. पॅसिव्ह वाक्यात लाल शब्द निळ्याच्या लगेच नंतर बसतो, एवढंच शिकवायचं होतं. शेवटच्या बाकावर परीक्षक गुण द्यायला बसले होते आणि घामानं खडू बोटांना चिकटत होता. वैजापूरच्या मैत्रिणीनं युक्ती दिली होती, म्हणून मुलींना आधीच सांगून ठेवलं होतं, "हात सगळ्यांनीच वर करा. येत असेल तर उजवा, नसेल तर डावा." मी फळ्यावर 'द डोअर कॅन बी ओपन्ड' लिहिलं आणि विचारलं, "यात इझिली कुठं बसेल?" सगळा वर्ग हात वर करून बसला. पण समोरून बघताना मुलींचा उजवा कोणता, तेच मला कळेना. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत परीक्षकांचं पेन थांबलेलं. घाईघाईत मी दोन वेण्यांच्या एका मुलीला उठवलं. ती उभी राहिली तरी हात खाली घेईना, आणि तेव्हा दिसलं, तो डावा होता. तिनं 'येत नाही' अशी मान हलवली. "येत नाही तर हात कशाला वर केला?" परीक्षकांनी विचारलं. तिनं एकवार माझ्याकडं पाहिलं, मग ती म्हणाली, "येत व्हतं सर, आत्ताच इसरले." आता परीक्षक म्हणून शेवटच्या बाकावर मी बसते. सगळे हात एकदम वर गेले की माझी नजर डावे हात शोधते, आणि मी कुणालाच काही विचारत नाही.