काळ्या सुरईवरची पिवळी वेल

घोळ शाहवेजनेच घातला, तोही घाईत. पितळी माल परदेशी पाठवणाऱ्या हाजीसाहेबांकडे तो कॉम्प्युटरवर मालाचे फोटो सजवतो. पितळेची सुरई पिवळी, नक्षीच्या खाचा काळ्या. हाजीसाहेबांनी सांगितलं, हीच काळ्या रंगात करून दाखव. याने फोटोतला काळा-पिवळा एका फटक्यात उलटा केला. अंग काळं, खाचांतली वेल पिवळीधमक. परदेशातल्या गिऱ्हाईकबाईंना नेमका तोच फोटो आवडला.

पॉलिशवाल्यांनी तो पाहून हात वर केले. सुरई काळी करून घासली की उंचवटे चकाकतात आणि खाचा काळ्या राहतात. फोटोत सगळं उफराटं.

"गुरुवारी नमुना गेला पाहिजे," हाजीसाहेब म्हणाले. "नाहीतर शुक्रवारपासून घरी बस आणि तिथले रंग बदल."

मुरादाबादेत नक्षी कोरणारे गल्लोगल्ली. पण एवढ्या घाईत ऐकून घेईल असा एकच, शाहवेजच्या आत्याचा नवरा, नफासत फुफा. त्यांच्याकडेच तो कोरायला शिकत होता आणि एक दिवस छिन्नी ठेवून कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला होता. तेव्हापासून फुफा ईदची गळाभेटही उरकल्यासारखी घेत.

फुफांनी मोबाइल हातभर लांब धरला. "कुणी कोरली?"

"मी. म्हणजे, कॉम्प्युटरवर."

"मग तिथूनच काढ की बाहेर, मियाँ."

"पोराची नोकरी जायला आलीय," आत्या चहा ठेवत म्हणाली, "आणि तुम्हाला टोमणे सुचतायत."

"नोकरी त्याची, पण डोळे माझे फुटणार."

तरी त्यांनी कोरी सुरई मागवली, काळी करून घेतली आणि मग कोरायला बसले. छिन्नी जाईल तिथे आतलं पितळ उघडं पडत होतं. अर्धी वेल झाल्यावर त्यांनी छिन्नी शाहवेजपुढे धरली.

"खालची पानं तुझी. घोळ तुझा आहे ना?"

तिसऱ्या पानाशी त्याचा हात घसरला. काळ्यावर पिवळा ओरखडा लांबूनही दिसेल असा. फुफांनी सुरई फिरवून पाहिली.

"पान जरा लांबलं. असू दे. आता सगळ्याच सुरयांना लांब पान."

नमुन्याचा फोटो काढल्यावर शाहवेजचा हात सवयीने कॉम्प्युटरवर ते पान आखडायला गेला, पण त्याने तो आवरला. बाईंनी लांब पानासकट होकार कळवला. हाजीसाहेब शुक्रवारबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

फुफांनी मजुरीखेरीज एकच मागितलं, स्वतःचा एक छापील फोटो. "दाढी आहे तशीच ठेवायची."

फोटो काढून झालाय. पण शाहवेजने दाढी जराशी काळी केली, मग पुन्हा पांढरी करताना भलतीच पांढरी झाली, आणि फोटो अजून कॉम्प्युटरमध्येच आहे. दर शुक्रवारी नमाजानंतर मशिदीबाहेर फुफा त्याला गाठतात.

"काय मियाँ, दाढी छापतोयस की उगवतोयस?"