तामाने न लिहिलेलं बारावं प्रकरण

आधीच सांगून टाकते, मी ब्रेक टेस्टिंगमधली इंजिनिअर आहे. जे मोजता येत नाही त्यावर रिपोर्ट लिहायचा नाही, ही आमची सवय. माहेरी कधी कुणी नजरसुद्धा काढली नाही, आणि या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर चहाबरोबरची करमणूक म्हणूनच वाचत आले... त्यामुळे स्वतःचा लिहिताना अवघडल्यासारखं होतंय.

स्टुटगार्ट, फायहिंगेन भाग. तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात मी, नवरा निखिल आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर साताऱ्याहून आलेल्या सासूबाई.

तामा माझ्या ऑफिसातला, समोरच्या टेबलावरचा. न्यूझीलंडचा, माओरी. गळ्यात हिरव्या दगडाचं पदक. मशीनजवळ जायचं असलं की तो ते शर्टाच्या आत टाकायचा, पण काढायचा नाही. दोन वर्षं आम्ही रोज कँटीनमध्ये एकत्र जेवायचो. मला रहस्यकथांचं वेड आहे हे कळल्यावर एकदा लाजत म्हणाला, "मी पण एक लिहितोय. इंग्रजीत. वाचशील?"

गोष्ट त्याच्याच गावाकडची होती. डोंगरातलं गाईंचं फार्म, तिथून एक तरुण बाई नाहीशी होते, आणि बऱ्याच वर्षांनी एक माओरी इन्स्पेक्टर बाई चौकशीला येते. ती नाहीशी झालेली बाई म्हणजे तामाची खरी मावशी, आरोहा. तो नऊ वर्षांचा असताना ती गेली. सगळे म्हणाले, ऑस्ट्रेलियाला पळाली. त्याची आई मात्र अजून म्हणायची की तिला मारलंय.

"आमच्यात मेलेल्या माणसाला तीन दिवस आपल्यात ठेवतात," त्याने सांगितलं होतं. "त्याच्याशी बोलतात, भांडतात, गातात, मग पुरतात. त्याला तांगी म्हणतात. मावशीची तांगी झालीच नाही. आई तिथेच अडकलीय."

एका शुक्रवारी त्याने क्लिप लावलेला प्रिंटआउटचा गठ्ठा दिला. शनिवारी सकाळी मी बाल्कनीत वाचायला बसले. त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची, त्यामुळे निखिल बादली घेऊन खाली गेला होता. आई, म्हणजे सासूबाई, शेजारी मेथी निवडत होत्या. दोन-अडीच तासांत मी बारा प्रकरणं संपवली. बारा.

"संपली का गं? कोणी मारलं मग?" आईंनी विचारलं.

मी त्यांना सगळं मराठीत सांगितलं. मारणारा तिचा सख्खा मोठा भाऊ. जमीन विकायच्या कागदावर ती सही करेना, म्हणून गोठ्यामागच्या जुन्या शेडमध्ये त्याने तिला मारलं, तिथेच पुरलं आणि वर काँक्रीट ओतलं. इन्स्पेक्टरला ते कळतं एका साध्या गोष्टीवरून. माओरी लोक कबरस्तानातून बाहेर पडताना हातावर पाणी घेतात. हा भाऊ त्या शेडकडून परतताना दर वेळी फाटकाजवळच्या नळावर थांबायचा आणि नुसते हात ओले करायचा. साबण नाही, काही नाही.

आईंचे हात मेथीवरच थांबले. "म्हणजे तिथेच आहे की ती," त्या म्हणाल्या. "स्मशानातून आल्यावर आपण नाही का..."

सोमवारी जेवताना मी तामाला म्हटलं, "शेवट जबरदस्त आहे हं. तो नळाचा क्लू सुचला कसा तुला?"

"कुठला शेवट?"

मी सांगायला लागले. नळापर्यंत आले तेव्हा त्याने हातातला काटा खाली ठेवला. "केतकी, मी अकराच प्रकरणं लिहिलीत. मला खुनी सापडतच नाहीये."

मला वाटलं, मस्करी करतोय. मी बॅगेतून गठ्ठा काढला. अकरावं प्रकरण संपलं होतं, त्याखाली अर्धं पान कोरं... आणि पुढे काहीच नाही. क्लिप जशीच्या तशी. मी बॅग टेबलावर उलटी केली. निखिलला फोन केला. त्याने बाल्कनी, सोफा, अगदी रद्दी कागदांचा डबासुद्धा बघितला. तामाने लॅपटॉपवर फाइल उघडली. अकरा.

"तो नळ खरा आहे," तो अगदी हळू म्हणाला. "माझा मामा तिथे हात ओले करायचा. मी लहानपणी रोज बघायचो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला स्वतःलाच आठवत नव्हतं, तू आत्ता म्हणेपर्यंत."

वडील लवकर गेल्यावर त्याच मामाने त्याला वाढवलं होतं. पोहायला त्यानेच शिकवलं, ट्रॅक्टर चालवायलाही.

मी गडबडले. म्हटलं, "अरे, माझ्या डोक्यात दुसरं कुठलं तरी पुस्तक मिसळलं असेल."

"तू वाचलंस की नाही?"

"वाचलं."

"मग?"

संध्याकाळी त्याने आईला फोन केला आणि बुधवारी तो विमानात बसला. मी थांबवायला हवं होतं का? कुठल्या तोंडाने थांबवणार होते?

निखिलचं म्हणणं सरळ होतं. "इतक्या रहस्यकथा वाचतेस, तुझ्याच मेंदूने शेवट रचला." नळाचं काय, असं विचारलं की तो विषय बदलायचा.

तीन आठवड्यांनी पोलिसांना मावशी सापडली. शेडच्या जमिनीखालीच. मामाने पोलिसांना एकही प्रश्न विचारला नाही म्हणे. टोपी घातली आणि त्यांच्या गाडीत जाऊन बसला.

मग तिकडच्या पोलिसांचा मला व्हिडिओ कॉल आला. अधिकारी बाई सभ्य होत्या. "जागा तुम्हाला कशी कळली?"

"वाचली."

"ती पानं कुठे आहेत?"

मी रडायच्या बेताला आले होते. तेवढ्यात आई कॅमेऱ्यासमोर येऊन बसल्या आणि ठणकावून मराठीत म्हणाल्या, "हिने मला शनिवारीच सांगितलंय सगळं. मी मेथी निवडत होते." निखिलने भाषांतर केलं. बाईंनी लिहून घेतलं आणि विचारलं, "मेथी म्हणजे काय?" त्यापुढे प्रश्न विचारायचे तरी कुठले, हे बहुतेक त्यांनाही कळत नव्हतं.

तामा परत आलाच नाही. नोकरी ई-मेलवरून सोडली. मी चार-पाच मेसेज केले, एकाचंही उत्तर नाही. मला वाटायचं, तो माझ्यावर चिडला असणार. मावशी घरी आली आणि मामा तुरुंगात गेला, आणि दोन्ही माझ्या तोंडून.

मग एक दिवस ऑफिसात असताना त्याचा मेसेज आला. "तांगी झाली. आई तीन दिवस शवपेटीशेजारीच झोपली. ती विचारतेय, त्या प्रकरणात मावशी शेवटी काही बोलली होती का? आठवेल तेवढं सांग."

बोलली होती. दोन पानं होती ती. शेडमध्ये ती आणि भाऊ, आणि तिच्या तोंडची वाक्यं. ती अवतरणचिन्हं मला आजही दिसतात. पण मला घाई होती... इन्स्पेक्टर त्याला कशी पकडते, ते वाचायची. ती दोन पानं मी नुसती चाळली आणि पुढे गेले.

ते प्रकरण कोणी लिहिलं, कुठून आलं, कुठे गेलं, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सांगता येत असेल तर सांगा, मी आता हसणार नाही. आई म्हणतात, "काहीतरी चांगलं लिहून पाठव, त्या माउलीला बरं वाटेल." ते मला जमत नाही. तामाच्या मेसेजला सव्वा महिना झालाय. मी रोज 'आठवत नाही' एवढंच टाइप करते, आणि पुसते.