मीटरच्या पेट्यांशेजारची भिंत

काल फ्यूज बघायला खाली उतरलो, तर घरपोच सामान आणणाऱ्या एक बाई, पाठीला चौकोनी पिशवी लावून, मीटरच्या पेट्यांशेजारची भिंत वाचत होत्या. भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘लिफ्ट दुपारी बंद असते. दोनशे चारमध्ये बाळ आहे, बेल नको.’

“कोणी लिहिलंय हो हे?”

“काय माहीत काका. आमच्यातलंच कुणीतरी. नवीन माणसाचा हेलपाटा वाचतो.”

त्या भराभर जिना चढून गेल्या. या लोकांना ऑफिस नाही, एकमेकांची नावंही ठाऊक नाहीत. मिनिटामिनिटाचा जाब हातातल्या फोनला द्यायचा. तरी त्यातलंच एखादं मिनिट कुणी मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी इथे ठेवून गेलं होतं. उभ्या नोकरीत शेजारच्या टेबलासाठी मला एवढं कधी सुचलं नाही.

चष्मा लावून मी उरलेल्या ओळी वाचल्या. सगळ्यात खाली माझ्या घराचा नंबर होता. ‘काकांचा गुडघा दुखतो. दार उघडायला वेळ लागतो. थांबा.’

‘थांबा’च्या खाली दुसऱ्याच कुणीतरी निळ्या पेनाने ठळक रेघ ओढली होती.